हेडफोन कशासाठी? तर मयतीसाठी

…नाही, पण मला एक सांगा, कानाला झाकण का नाही? डोळ्याला आहे, तोंडाला आहे, आमच्या घरात साखरेच्या डब्यालासुद्धा आहे, ते कुणी लावत नाही ही गोष्ट वेगळी, पण आहे. कान मात्र उघडे. जन्मल्यापासून उघडे. झोपलात तरी उघडे. कुणीही यावं आणि काहीही ओतून जावं. आणि मग त्या उघड्या कानांवर बसवायला काहीतरी घ्यावं म्हणून माणसाने दुकानात जायचं, आणि दुकानदाराने विचारायचं, "कशासाठी हवेत?" आता काय सांगू कशासाठी हवेत?

तुम्हाला सांगतो. घरात आता कुणी माझं ऐकून घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी विमा कंपनीत आहे. मृत्यूदावे विभाग. म्हणजे एखाद्याने विमा उतरवला आणि तो माणूस गेला, की त्याच्या घरी जो फोन येतो ना, तो माझा. कधी गेले, कशाने गेले, मागे कोण आहे, हे सगळं विचारायचं, पण असं विचारायचं की कुणी काही विचारतंय असं वाटता कामा नये. त्याला आवाज लागतो. खालच्या पट्टीतला, सावकाश, मधे मधे थांबणारा. तो मला आहे. बढाई मारत नाही, आहे. ऑफिसात मला सगळे 'मखमल' म्हणायचे. लोक माझ्याजवळ मनसोक्त रडायचे आणि रडून झालं की म्हणायचे, "बरं वाटलं हो." विम्याच्या कुठल्या विभागात गिऱ्हाईक "बरं वाटलं" म्हणतं, दाखवा मला.

तर कंपनीने ऑफिस सोडलं. घरून काम करा म्हणाले. माझी चाकांची खुर्ची घरी पाठवून दिली, एका माणसाने ती जिन्यातून डोक्यावर घेऊन आणली, आणि मी मागच्या खोलीत कपाटाला पाठ लावून बसलो. इथवर सगळं ठीक.

पण माझी बायको हसण्याचे वर्ग घेते.

हो. हसण्याचे. हसू नका, ती त्याचे पैसे घेते. माणसं जमतात आणि कारण नसताना हसतात, त्याने म्हणे फुप्फुसं मोकळी होतात. आधी हे सगळं बागेत चालायचं, म्हणजे त्रास पक्ष्यांना व्हायचा, आम्हाला नाही. मग बाग खणायला घेतली, कसली तरी पाइपलाइन, आणि वर्ग आला कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर आला पुढच्या खोलीत. माझ्या आणि तिच्या मधे एक प्लायवूडची भिंत. म्हणजे भिंत म्हणायची आपण. खिळा इकडून ठोकला तर तिकडे फोटो टांगता येईल अशी भिंत.

त्यात हसण्याचे प्रकार आहेत. सिंहाचं हसू आहे. किल्ली सापडल्याचं हसू आहे. साहेबासमोर दाबलेलं हसू आहे, ते शेवटी सुटतं. एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत वर्गात, ते हसायला लागले की पाण्याचा पंप सुरू झाल्यासारखं, आधी नुसती घरघर, मग हवा, मग एकदम धार. आणि हे सगळं स्पीकरवर. आणि इकडे मी, कुणाचे तरी वडील सकाळी गेलेत, मी म्हणतोय, "सावकाश सांगा, घाई नाही…" आणि मागून धार.

एका मुलीने विचारलंच मला. रडता रडता थांबली आणि म्हणाली, "तुमच्याकडे कुणी हसतंय का?"

मी म्हटलं, शेजारी आहेत.

तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार? बायको आहे म्हणू?

बाथरूममध्ये जाऊन बसून पाहिलं. तिथे हसू येत नाही, खरंय, पण आवाज घुमतो. मी टबाच्या कडेवर बसून माझ्या खास आवाजात म्हटलं, "नमस्कार… ऐकू येतंय का?" पलीकडे एक वयस्कर बाई, नवरा नुकताच गेलेला.  त्या अगदी हळू म्हणाल्या, "अहो… तुम्हीच का?"

त्यांची समजूत घालता घालता माझा घसा सुकला. त्यानंतर बाथरूम बंद. म्हणजे वापर चालू, काम बंद.

मग मॅडमचा फोन. आमच्या विभागप्रमुख. या बाई कधी ओरडत नाहीत, तीच तर भीती आहे. म्हणाल्या, तुमची रेकॉर्डिंग्ज ऐकली, मृत्यूदावे विभागात मागे सर्कस चालते असं गिऱ्हाइकांना वाटता कामा नये, चांगले हेडफोन घ्या, नाहीतर तुम्हाला आपण मोडक्या गाड्यांच्या विभागात देऊ. तिथे मागून कितीही हसलं तरी चालतं म्हणे. आता मला सांगा, मोडक्या बंपरशी मी या आवाजात काय बोलू? आयुष्यात मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे रडणाऱ्या माणसाजवळ न घाबरता बसणं, आणि ती जाणार कशामुळे? तर कानाला झाकण नाही म्हणून.

तर गेलो दुकानात. एका भिंतीवर नुसते हेडफोन. कानावर बसणारे, कानात घुसणारे, कानामागे लपणारे, मानेत अडकणारे, आणि एक तर असे होते की ते कानाला लावायचेच नाहीत, गालाच्या हाडाला लावायचे आणि हाडाने ऐकायचं. मी म्हटलं, आधी कानाचं बघू, हाडांपर्यंत एवढ्यात नको.

दुकानदार म्हणाला, "कशासाठी हवेत? गाणी? व्यायाम? गेम?"

मी म्हटलं, मयतीसाठी.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. धंदेवाईक माणूस, डगमगला नाही. म्हणाला, "बरं. मग बेस किती लागेल?"

आता दुःखाला बेस किती लागतो, हे कुणाला विचारायचं? मी विचारलं मेव्हण्याला. ही माझी चूक. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, स्वतः काही विकत घेत नाही पण काय घ्यावं ते त्याला सगळं माहीत असतं, दिवसभर लोक खोकी उघडतात ते व्हिडिओ बघतो. तो म्हणाला, भावजी, बेस सोडा, तुम्ही बाहेरचा आवाज मारणारे घ्या, कानाला लावले की जग बंद, पुढच्या खोलीत हत्ती नाचला तरी कळणार नाही. आणि मग साउंडस्टेजबद्दल बोलत बसला, डोळे मिटले की व्हायोलिन डावीकडे बसलंय की उजवीकडे ते कळतं म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे एका वेळी एकच माणूस असतो आणि तो रडत असतो, तो कुठल्या बाजूला बसलाय ते मला नाही कळलं तरी चालेल.

पण घेतले. आणि तुम्हाला सांगतो, कानावर चढवले आणि बटण दाबलं… काय ती शांतता. असं वाटलं कानाला शेवटी झाकण बसलं. भिंत गप्प, पंप गप्प, बायको गप्प. लग्नानंतर पहिल्यांदाच मला माझा श्वास ऐकू आला. काय काम केलं मी त्या दिवसांत. एकेका माणसाला अर्धा अर्धा तास. शब्दाशब्दाला थांबत होतो. मधेच कुणी पलीकडून "हॅलो? हॅलो?" करायचं, कुणी एकदम "हे काय चाललंय?" म्हणायचं, मी म्हणायचो, हेच, हेच होतं सुरुवातीला, मन मानत नाही.

मॅडमचा फोन आला. मी म्हटलं, कौतुक असणार. त्यांनी काही न बोलता रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज: "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." आणि त्याच्या पाठोपाठ, खोटं सांगत असेन तर जीभ झडो, पण इतकं स्वच्छ, सिंहाचं हसू. आयाळीसकट.

अहो, ते हेडफोन मला ऐकू येऊ नये म्हणून होते. जगाला ऐकू येऊ नये म्हणून नव्हते. हे कुणी सांगितलं होतं का मला? दुकानदाराने सांगितलं? मेव्हण्याने सांगितलं? त्याला फोन केला तर म्हणतो, "भावजी, तो प्रश्न माइकचा आहे, तुम्ही मला हेडफोन विचारलेत."

इतके दिवस लोकांना काय वाटलं असेल, सांगा. मी एवढं मन लावून बोलतोय आणि मागे सगळा विभाग पोट धरून हसतोय.

मॅडम म्हणाल्या, गुरुवारी मी स्वतः तुमच्या कॉलवर ऐकत बसणार आहे. बस्स, एवढंच. गुरुवारी.

परत दुकान. दुकानदाराने मला ओळखलं, आवाज आपोआप खाली आणला. या वेळी मी म्हटलं, माइक हवा, तोंडाशी येणारा, माझं सोडून कुणाचंही ऐकणार नाही असा. त्याने काढले. काळे, साधे, बिनवायरचे, विमानतळावर उद्घोषणा करणाऱ्या बाई लावतात तसे. आणि एकावर दुसरा निम्म्यात. मी म्हटलं, उत्तम, एक मला, एक बायकोला, म्हणजे तिचा स्पीकरही बंद, तिची माणसं तिच्या कानात, माझी माझ्या. बायको म्हणाली, अरे, दोन्ही एकसारखे आहेत, एकाला काहीतरी चिकटवून ठेव. मी म्हटलं, अगं, आपले आपल्याला कळतात.

गुरुवार उजाडला. मी दाढी केली. कॅमेरा नसतो आमच्या कामात, तरी केली. जेवणाच्या टेबलावरून हेडफोन उचलले, मागच्या खोलीत बसलो, दार लावलं. स्क्रीनवर मॅडमचं नाव दिसतंय, ऐकायला हजर. समोर माहिती: एक निवृत्त बसड्रायव्हर, पत्नी वारली, एकटेच आहेत. मी कॉल लावला, डोळे मिटले, कानात आवाज आला. "नमस्कार!" एकदम पंधरावीस माणसांचा.

मी म्हटलं, असेल. एकटे आहेत असं लिहिलंय, पण नातेवाईक जमले असतील, फोन स्पीकरवर ठेवला असेल. आणि त्यांच्या नमस्कारात जरा उत्साह जास्त वाटला, पण धक्क्यात माणूस कसाही बोलतो. मी माझ्या आवाजात सुरू केलं, "आपल्यावर जो प्रसंग ओढवलाय, त्याची आम्हाला जाणीव आहे…"

सगळे हसले.

आता माझं प्रशिक्षण काय सांगतं? दुःखात माणूस हसतोही, त्याला हसू द्यावं. मी थांबलो. हसू दिलं. मग म्हटलं, "मी आहे. कुठेही जाणार नाही. जे गेलं त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं तर बोला." परत हसले, पण जरा कमी. आणि तिकडे काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. टेबलावरून मी उचलले होते बायकोचे. म्हणजे तिच्या कॉम्प्युटरला जोडलेले हेडफोन माझ्या डोक्यावर, आणि माझ्या कॉम्प्युटरचे तिच्या. वर्गातल्या लोकांना स्क्रीनवर माझी बायको दिसत होती, हात वर करून, तोंडभर हसणारी, आणि तिच्या तोंडातून आवाज येत होता माझा. "आपल्यावर जो प्रसंग ओढवलाय…" हसणार नाहीत तर काय करतील?

आणि माझा बसड्रायव्हर बायकोच्या कानात. तिला वाटलं, आज कुणीतरी नवीन आलंय, बाकीच्यांचे माइक बंद दिसतायत. तो म्हणाला, बायको गेली माझी. ही म्हणाली, बरं, आता दोन्ही हात वर करा. तो म्हणाला, हात वर केले तर फोन कुठे धरू? ही म्हणाली, खाली ठेवा, स्पीकरवर टाका, आणि पोटातून, हं, पोटातून. आणि हिने सुरू केलं किल्ली सापडल्याचं हसू.

माझ्या स्क्रीनवर मॅडमचा मेसेज. "हे काय चाललंय?"

मला वाटलं त्या माझ्या हसणाऱ्या कुटुंबाबद्दल विचारतायत. मी लिहिलं, "कुटुंब मोठं आहे, सगळ्यांनाच अनावर झालंय, सांभाळतो आहे."

मॅडमनी लिहिलं, "ती बाई कोण?"

मी लिहिलं, "बहुतेक मोठी मुलगी."

आणि इकडे माझ्या कानात हसू हळूहळू थांबलं.  मग एक घरघर आली, ओळखीची वाटली. पंप. मी म्हटलं, आता धार. पण धार आली ती रडण्याची. मॅनेजर रडत होते, पण तेव्हा मला वाटलं, कुणी नातेवाईकच. मी काही बोललो नाही, मला येतं ते. मग ते म्हणाले, त्यांचं कासव गेलं. लहानपणापासूनचं कासव. आणि कासवासाठी रडलो तर लोक हसतील, म्हणून ते हसण्याच्या वर्गाला येऊन बसले होते. म्हणजे निदान सगळ्यांबरोबर हसता तरी येईल. मी विचारलं, "कसं होतं स्वभावाने?" आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मधेच एक बाई रडू लागल्या. मग आणखी एक. मी स्क्रीनकडे पाहिलं. समोर लिहिलंय: पत्नी वारली, एकटेच आहेत. मग कासव कुणाचं?

तेवढ्यात दार उघडलं. बायको. डोक्यावर हेडफोन, हात अजून वरच, चेहऱ्यावर ते किल्लीचं हसू अर्धवट राहिलेलं. तिच्या स्क्रीनवर सगळी माणसं रडताना दिसली होती आणि कानात एक जण हसत होता.

ती म्हणाली, "अरे, तुझा माणूस माझ्या कानात आहे."

मी म्हटलं, "तुझी माणसं माझ्या."

आम्ही डोक्यावरचे काढून एकमेकांच्या हातात दिले. लग्नात हार घालताना वाटलं नव्हतं इतकं गंभीर वाटलं.

मी माझे लावले. पलीकडे तो बसड्रायव्हर, दम लागलेला. मी म्हटलं, माफ करा, अतिशय दिलगीर आहे, तांत्रिक चूक झाली. तो म्हणाला, "मघाच्या बाई कुठे गेल्या?"

मी परत माफी मागितली. माझ्या सगळ्यात खालच्या आवाजात.

"तुम्ही पण कुजबुजता," तो म्हणाला. "ही गेल्यापासून येईल तो कुजबुजतो. मी आयुष्यभर बस चालवली. पाठीमागे सतत माणसं. भांडायची, हसायची, पोरं किंचाळायची. मला वळून बघता यायचं नाही, नुसतं ऐकायचो. आणि घरी गेलं की ही बोलायची. आता मागे कुणी नाही. मघाशी त्या बाई हसल्या ना, असं वाटलं गाडी भरली."

माझ्या मखमलीचा इथे काही उपयोग नव्हता. 

मग म्हटलं, आधी आपण दाव्याची माहिती पूर्ण करू या का? तो म्हणाला, "आधी त्यांना द्या."

मी खुर्ची ढकलत पुढच्या खोलीत गेलो. तिथे बायको हेडफोन लावून बसलेली, डोळे भरलेले, आणि वर्ग तिला सांगत होता, ते मघाचे कुठे गेले, त्यांना द्या. आम्ही परत बदलले.

मॅडम सगळं ऐकत होत्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी मनाने बंपरच्या विभागात पोहोचलो होतो. त्या म्हणाल्या, त्या गृहस्थांची तक्रार नाही, उलट पुढच्या वेळी तुमच्याशी बोलायचं नाही, बाईंशीच बोलायचंय असं सांगितलंय, ते नियमात बसत नाही, त्यांचा दावा करून टाका आणि वर्गाला जायचं तर त्यांचे ते जातील. मी हो म्हटलं. मग जरा थांबल्या. मधे मधे थांबणं माझं काम, त्यांचं नाही. म्हणाल्या, "बाई त्या गृहस्थांना सांगत होत्या ते दुसरं, कासवाचं. ते परत कधी असतं?"

तर आता असं आहे. बसड्रायव्हर रोज हसायला असतो, सगळ्यांच्या वर त्याचा आवाज, आणि बायको म्हणते असा विद्यार्थी मिळाला नव्हता. आणि शनिवारी सकाळी मी रडण्याचा वर्ग घेतो. मागितला नव्हता, जाहिरात केली नव्हती, माणसं आली. कॉम्प्युटरवर सुरू केलं होतं, पण रडायला समोर माणूस लागतो म्हणे, म्हणून जवळपासचे सगळे घरीच येतात. मॅनेजर येतात. मॅडमही येतात, कोपऱ्यात बसतात, काही सांगत नाहीत, नुसता रुमाल. सगळे माझ्या पुढच्या खोलीत, गोल करून, आणि एकदा सुरू झाले की काय सांगू, ते हसणं परवडलं होतं. सिंहाला निदान दम लागायचा. आणि सगळ्यांच्या मधे बसलेलो मी, हेडफोन न लावता, कारण हेडफोन लावून कुणाचं सांत्वन करता येत नाही. कानाला झाकण नाही हे आता माझं कामच झालंय.

आणि परवा खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. भल्या बाई आहेत, हसण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. दर शनिवारी त्यांना पडलेल्या चेहऱ्यांची माणसं जिना चढताना दिसतात, मग वरून रडणं ऐकू येतं, डोळे पुसत माणसं उतरतात. हातात झाकलेलं जेवणाचं भांडं. दारातच माझा हात धरला आणि अगदी खालच्या पट्टीत, सावकाश, मधे थांबत म्हणाल्या, "आता कोण गेलं?"

मी म्हटलं, कुणी नाही हो.

त्यांनी मान हलवली. मन मानत नाही माणसाचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाल्या, "असं घरात बसून राहू नका. चांगले हेडफोन घ्या. गाणी ऐका. मन रमतं."

मी विचारलं, "कुठले घेऊ?"

"कुठलेही घ्या हो," त्या म्हणाल्या. "सगळे सारखेच असतात."

मी भांडं आत घेतलं.